हातमोज्यांची सक्ती

१ मार्च

आजपासून मी सुरक्षा अधिकारी. कालपर्यंत स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजत होतो.

सकाळी दाजींनी केबिनमध्ये बोलावलं. दाजी म्हणजे ताईचे यजमान, कारखाना त्यांचाच. आम्ही हॉस्पिटलच्या खाटा बनवतो. एका बड्या गिऱ्हाइकाने फॉर्म पाठवलाय आणि त्यात 'सुरक्षा अधिकाऱ्याचे नाव' असा एक रकाना आहे. तो रिकामा ठेवता येत नाही. दाजींनी काचेतून खाली शेडमध्ये नजर फिरवली. तिथे सगळे काही ना काही काम करत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला जमेल," ते म्हणाले. "काही करावं लागत नाही."

एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

येताना ही वही घेतली. जबाबदार माणसाने लिहून ठेवावं. बायको म्हणाली, "रोज लिहिण्यासारखं काय घडणार आहे तुमच्या हातून?" तिला पदाची कल्पना नाही.

४ मार्च

पहिली फेरी. मागे हात बांधून चाललो. कामगार मला 'मेहुणे' म्हणतात. साहेब म्हणण्यापेक्षा त्यात जिव्हाळा आहे.

करवतीपाशी बराच वेळ थांबलो. ताटाएवढं दातेरी पातं. हँडल खाली ओढलं की लोखंडी पाइप काकडीसारखा कापतं. ते चालवते एक बाई, पंचेचाळिशीची असेल, अकरा वर्षं त्याच मशीनवर. तिला सगळे 'मिलिमीटर' म्हणतात, कारण तिचा तुकडा कधी मापाला चुकत नाही. तोंडाने मात्र फटकळ.

म्हणाली, "मेहुणे, आलाच आहात तर बघा. हा पाइप आवळून धरणारा वाइस. ह्याचे आटे झिजलेत. लांब पाइप कसाबसा धरतो, आखूड तुकडा धरतच नाही. मग तो मला हाताने धरावा लागतो. आणि पात्यावरचं हे झाकण. अडकतं, म्हणून तारेने वर बांधून ठेवलंय."

"बाई, लेखी द्या."

"तीन वर्षं तोंडी देतेय."

"म्हणूनच झालं नाही," मी हसून म्हणालो. पद्धत शिकवावी लागते माणसांना.

मीच कागद तयार करून दाजींपुढे ठेवला. त्यांनी कोपऱ्यात लिहिलं: 'पाहू.' एका शब्दात विषय संपवायचा ही कला आहे. कागद फाइलला लावला. फाइलवर माझं नाव छापून घेतलंय.

९ मार्च

घोषवाक्यं तयार झाली. सगळी माझीच. सर्वात जमलेलं हे: 'हात तुमचे, काळजी तुमची!' मोठ्या अक्षरात करवतीच्या मागच्या भिंतीवर लावलं.

वेल्डर बराच वेळ ते वाचत उभा होता. शेवटी म्हणाला, "हात आमचे, हे कळलं. मशीन कुणाचं?"

"कारखान्याचं."

"मग त्याची काळजी कुणाची, ते खाली लिहायला जागा आहे अजून."

हा माणूस चांगला आहे, पण त्याला साहित्यातलं काही कळत नाही.

१२ मार्च

हातमोजे आले! गिऱ्हाइकाच्या फॉर्ममध्ये 'कामगारांना हातमोजे दिले आहेत का?' असा प्रश्न आहे. जाड सुती विणीचे, पांढरेशुभ्र. सगळे एकाच मापाचे मिळाले, जरा मोठेच. पण मोठे बरे. लहान हाताला मोठा मोजा बसतो, उलट होत नाही.

सगळ्यांनी मुकाट्याने घातले. अडली ती मिलिमीटर.

"मी नाही घालायची."

"का बरं?"

"फिरत्या पात्यापाशी ग्लोज घालत नाहीत. नुसतं बोट लागलं तर बोटावर निभावेल. ग्लोज अडकला तर तो हात ओढून आत नेईल. कापलेले तुकडे उचलताना घालीन, त्यांच्या कडांना धार असते. मशीन चालू असताना नाही."

"बाई, हातमोजा हाताच्या रक्षणासाठी असतो. नावातच आहे ते."

"नाव काय, तुमच्या नावापुढेही सुरक्षा लिहिलंय."

काही जण हसले. माझ्यावर की तिच्यावर, ते नीट कळलं नाही. बहुधा तिच्यावर.

१३ मार्च

शिस्त म्हणजे शिस्त. मिलिमीटरला लेखी हुकूम दिला: करवतीवर काम करताना हातमोजे न घातल्यास मशीनवरून काढून झाडलोटीला लावण्यात येईल. खाली माझी सही, शिक्का.

तिने तो दोनदा वाचला. खाली लिहिलं, 'धोका सांगितला होता. हुकूम आहे म्हणून घालते.' सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा. मग म्हणाली, "ह्याची एक प्रत द्या मला."

आनंदाने दिली. नऊ दिवसांत कागदपत्रांची गोडी लागली बाईला! हा माझा परिणाम.

२० मार्च

गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला आली. दिवस सोन्याचा. सकाळीच झाकणाची तार सोडून ते खाली आणलं होतं. पाहुणे बघत असेपर्यंत करवत बंद ठेवली, त्यामुळे ते अडकलंही नाही. सगळ्यांचे हात पांढरेशुभ्र. पाहुण्यांनी फोटो काढले. एक जण म्हणाला, "हातमोजे शंभर टक्के? असं फार कमी ठिकाणी दिसतं."

दाजींनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

ते गेल्यावर झाकण पुन्हा वर बांधलं, कारण माल संध्याकाळपर्यंत जायचा होता. वाइसबद्दल परत कागद ठेवला. दाजींनी लिहिलं: 'महिनाअखेर.' म्हणजे प्रगती आहे.

२६ मार्च

अपघात झाला.

सकाळी अकरा चाळीस. मिलिमीटर खाटेच्या कठड्याचे वीतभर तुकडे कापत होती. वाइस धरत नाही, म्हणून डाव्या हाताने तुकडा धरला होता. तुकडा फिरला. मोज्याचं बोट पुढे लोंबत होतं, ते दात्यात गेलं. मी दहा पावलांवर होतो. मला आवाजच आला नाही. म्हणजे करवतीचा होता तोच आवाज येत राहिला, आणि मग तो जरा बदलला.

ती ओरडली नाही. तिनेच उजव्या हाताने हँडल वर लोटलं, गुडघ्याने लाल बटण दाबलं. वेल्डर धावला. प्रथमोपचाराची पेटी माझ्या ताब्यात असते. ती कुलूपबंद होती. किल्ली माझ्याच खिशात होती, पण ते मला आठवेपर्यंत वेळ गेला. उघडली तर आत चिकटपट्टी आणि टाचण्या; पोस्टरं लावताना मीच ठेवल्या होत्या. वेल्डरने स्वतःचा धुतलेला सदरा पिशवीतून काढून तिचा हात घट्ट बांधला आणि वर धरला. ती त्याला सांगत होती, आणखी घट्ट बांध म्हणून.

मला भोवळ आली. दोन माणसं मला धरून बसली. त्यामुळे तिला गाडीपर्यंत न्यायला माणसं कमी पडली.

आज एवढंच.

२७ मार्च

हॉस्पिटलात जाऊन आलो. तर्जनी आणि मधलं बोट गेलं, तळव्यापर्यंत. अनामिका शिवली आहे, पण वाकेल की नाही ते आत्ताच सांगता येत नाही म्हणतात.

ती खाटेवर टेकून बसली होती. नवरा वाटीतून काहीतरी भरवत होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत वाटीकडे. खाट आमच्याच कारखान्याची होती. तिने उजव्या हाताचं बोट कठड्याच्या कडेवरून फिरवलं आणि म्हणाली, "हा तुकडा माझा नाही. कड खरखरीत आहे. मी सुट्टीवर असताना कुणीतरी कापलाय."

मी म्हणालो, "लवकर बऱ्या व्हा."

"मेहुणे, तो ग्लोज कुठंय?"

"त्याची काळजी करू नका. फाटला तर फाटला. कंपनी तुमच्याकडून काही घेणार नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. औषधांची गुंगी असावी. मग तिने मागे उभ्या असलेल्या वेल्डरकडे पाहिलं. वेल्डरने नुसती मान हलवली.

२८ मार्च

अपघाताचा अहवाल आज पाठवायचा होता. मी तीन पानं लिहून नेली. दाजींनी बाजूला ठेवली. म्हणाले, "मी सांगतो ते लिही. 'वारंवार सूचना देऊनही कामगाराने हातमोजे घातले नव्हते. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला.' संपलं."

"पण दाजी, घातले होते!"

"नव्हते."

"मीच घालायला लावले. शंभर टक्के घातले होते, पाहुण्यांनीसुद्धा मान्य केलं. 'नव्हते' असं लिहिलं तर माझी योजना फसली असा अर्थ होईल."

दाजींनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुला खरंच कळत नाही, की तू नाटक करतोस?"

तेवढ्यात ताईचा फोन. दाजींनीच लावायला सांगितला असणार. "बाळा, हे म्हणतात तसं लिही. कारखाना बंद पडला तर आपण सगळे कुठे जाणार? तू घरचा आहेस."

सही केली.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग घातले होते की नव्हते?"

"कार्यालयीन भाषा वेगळी असते."

"भाषा असेल वेगळी. हात तर तिचा तोच आहे ना?"

अहवालावरची माझी सही आज जरा वाकडी आली.

३ एप्रिल

हे सावकाश लिहितो.

कारखाना निरीक्षक आले. बारकेसे, सर्दी झालेले, हातात रुमाल. वाटलं, हे पंधरा मिनिटांत जातील. त्यांनी माझा अहवाल वाचला. "कामगाराने हातमोजे घातले नव्हते. बरं." मग पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. माझाच हुकूम. तिने मागून घेतलेली प्रत.

"ही सही तुमची?"

"हो."

"मग घातले होते?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अर्थात! शंभर टक्के अंमलबजावणी!" म्हणालो आणि जरा ताठ उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सहा दिवस ते वाक्य दाबून ठेवलं होतं.

दाजींनी डोळे मिटले.

"मोजा कुठे आहे?" निरीक्षकांनी विचारलं. दाजी म्हणाले, माहीत नाही. तेवढ्यात वेल्डर आपल्या कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. आतलं पांढरं राहिलं नव्हतं. हॉस्पिटलात मान हलवली ती ह्यासाठी, हे मला तेव्हा समजलं.

मी निरीक्षकांना विचारलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं: "मोजा घातला होता म्हणून बोटं तरी थोडी वाचली असतील, नाही का?"

त्यांनी नाक पुसलं. रुमाल खिशात ठेवला. झाडूचा लांब दांडा मागवला, त्याच्या टोकावर माझ्या गठ्ठ्यातला एक नवा मोजा चढवला. सगळ्यांना मागे सरकवलं, करवत चालू करायला सांगितली, आणि लांबून दांडा धरून मोज्याचं नुसतं टोक पात्याला लावलं.

दांडा त्यांच्या हातात राहिलाच नाही. पापणी लवायच्या आत तो ओढला गेला, फाडकन तुटला, आणि तुकडा माझ्या घोषवाक्यावर जाऊन आदळला.

मग त्यांनी मोजा न घालता दुसरा दांडा लावला. टोकाला खाच पडली. दांडा हातातच राहिला.

"सुरक्षा अधिकारी," ते म्हणाले, "बाईंनी तुम्हाला हे सांगितलं होतं?"

सांगितलं होतं. शब्द न् शब्द सांगितलं होतं. ह्याच वहीत आहे, १२ तारखेला, माझ्याच अक्षरात, आणि खाली मी विनोद केलाय.

जाताना ते म्हणाले, "पहिला अहवाल तुमच्या सहीचा आहे. उद्या अकरापर्यंत लेखी जबाब द्या. बदलायचा असेल तर बदला. पण मग आधीचा खोटा होता, हेही त्यात लिहावं लागेल."

४ एप्रिल

आठलाच पोचलो. दाजी माझ्या आधी आले होते. टेबलावर माझी फाइल उघडी होती. वाइसचे दोन्ही कागद, 'पाहू' आणि 'महिनाअखेर'.

"हे तू जपून ठेवलंस?"

"फाइल म्हणजे जपायचीच ना, दाजी?"

"घरचा माणूस म्हणून तुला त्या खुर्चीवर बसवला."

"हो," मी म्हणालो. "बाहेरच्याने आधी वाइस मागितला असता."

असं काही मी बोलेन असं मला वाटलं नव्हतं. दाजींनाही नसावं. ते फाइलवर हात ठेवून बसले. मी ती ओढली. त्यांनी धरून ठेवली नाही. पण ह्यापुढे घरी येऊ नकोस, एवढं म्हणाले.

जबाब लिहिला. वाइस धरत नव्हता. झाकण बांधलेलं होतं. हातमोजे घातले होते, माझ्या हुकमाने, तिने धोका सांगितल्यावरही. पेटीत टाचण्या होत्या. पहिला अहवाल खोटा. सगळं मिळून एक पान भरलं. त्या दिवशी तीन पानं लिहिली होती, त्यांत ह्यातलं काहीच नव्हतं.

मी शूर वगैरे नाही. अजूनही मनाच्या एका कोपऱ्यात वाटतं की मोजे निदान चांगल्या प्रतीचे होते.

१७ एप्रिल

करवतीला सील. दाजींवर खटला, माझ्यावर लेखी ठपका. बाईंची भरपाई मंजूर झाली. 'निष्काळजीपणा' हा शब्द कागदावरून गेला. मी परत स्टोअरमध्ये. ताईचा फोन नाही.

आज बाईंच्या घरी गेलो. दोन खोल्या, लख्ख. बाई आपल्या मुलीच्या वहीत डाव्या हाताने पेन्सिल धरायचा सराव करत होत्या. उरलेल्या बोटांत ती सारखी निसटत होती. मला बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच माफी मागितली. घरून पाठ करून आलो होतो, जरा लांबलीच.

शेवटपर्यंत ऐकून त्या म्हणाल्या, "झालं?"

"हो."

"ही माफी तुम्हाला बरं वाटावं म्हणून आहे. मला बरं वाटायला डॉक्टर आहेत." पेन्सिल पुन्हा पडली. मी वाकलो, तर म्हणाल्या, "राहू द्या. मलाच उचलायची आहे."

मी उभा राहिलो. बराच वेळ लागला. त्यांनी उचलली.

"जबाब खरा दिलात," त्या म्हणाल्या. "द्यायलाच हवा होता. त्याचे आभार मानायचे नसतात."

नवरा दारापर्यंत सोडायला आला. त्याने दार लावून घेतलं, हळूच, आवाज न करता. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२ जून

वाइस नवा आला. झाकण नवं, स्प्रिंगचं, आपोआप खाली येणारं. पण निरीक्षकांची अट: करवतीच्या विभागावर जाणकार देखरेख असेल तरच सील काढू. दाजींनी दोन माणसं बोलावून पाहिली. एकाने मशीन बघून हातमोजे मागितले. दुसऱ्यालाही जमलं नाही.

शेवटी दाजी स्वतः बाईंच्या घरी गेले. वेल्डर सांगतो, त्यांनाही कुणी बसा म्हटलं नाही.

९ जून

बाई आजपासून विभागप्रमुख. सकाळी सगळ्यांना करवतीभोवती उभं केलं. मलाही स्टोअरमधून बोलावलं. वाटलं, सगळ्यांदेखत काढणार आता माझी. तर म्हणाल्या, "मेहुणे, वही-पेन घ्या. तुम्हाला लिहायची आवड आहे."

मग सगळ्यांकडे वळल्या. "मशीन आज चालू होणार नाही. आधी सांगा, ह्या शेडमध्ये काय काय बिघडलंय. जे माहीत आहे ते सगळं."

माणसं एकमेकांकडे बघत होती. असा प्रश्न इथे कुणी कधी विचारलाच नव्हता. मग पॅकिंगचा माणूस चाचरत म्हणाला, ड्रिलची वायर उघडी आहे. पेंटर म्हणाला, पंखा सगळा रंग तोंडावर फेकतो. मग एकदम सगळेच बोलायला लागले. मला लिहायला जमेना, तर बाई म्हणाल्या, एकेकाने, त्यांचा हात चालतो तेवढ्या गतीने. दाजी काचेमागे उभे होते. खाली आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

आठ मुद्दे झाले. मग वेल्डर म्हणाला, "मेहुणे."

मी मान वर केली. "काय?"

"हाक नाही मारली. मुद्दा सांगितला."

बाईंनी विचारलं, "मेहुण्यांचं काय बिघडलंय? नीट सांग, म्हणजे नीट लिहिता येईल."

"कामातलं माहीत नसतं, माहीत असलेल्याला विचारत नाहीत, आणि हुकूम काढतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. डावा हात कमरेवर होता, तीन बोटांचा. "लिहा," त्या म्हणाल्या.

मी नऊ आकडा घातला. पुढे स्वतःचं नाव लिहिलं, आणि ते वाक्य, एकही शब्द न गाळता. मध्ये पेन अडलं, पण कुणी घाई केली नाही.

"झालं?"

"झालं."

"दहावा सांगा कुणीतरी," बाई म्हणाल्या, आणि मी पान उलटलं.